दोन खाचांचा डबा

गोंदियात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तीस वर्षं मी लोकांना नकली माल असली डब्यातून विकला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करत बसणार नाही.

सगळ्यांना विकला असं नाही. शहाण्या गिऱ्हाइकाला असलीच द्यावा लागतो, कारण तो डबा दुकानातच उघडून माल हातात घेऊन पाहतो. पण ट्रकवाल्याला घाई असते, ट्रॅक्टरवाल्याची धानाची रोवणी खोळंबलेली असते, जीपवाल्याच्या गाडीत सवाऱ्या शिव्या देत बसलेल्या असतात. ही माणसं डब्यावरचं नाव वाचतात आणि निघतात. नकली माल दिल्लीहून सुटा, प्लास्टिकच्या पिशव्यांतून यायचा. डबा मात्र नकली चालत नसे, छपाईवरून ओळखू येतो. म्हणून आम्हाला रिकामे असली डबे लागायचे.

ते मिस्त्री लोक आणून देत. गॅरेजमध्ये असली पार्ट बसवला की रिकामा डबा जपून ठेवायचा, गोंदियाला येताना दुकानात टाकायचा आणि त्याबद्दल एक चहा आणि एक आलूबोंडा खायचा, असा रिवाज माझ्या वडिलांनी पाडला होता. कोणाचा बोंडा कोणी खाल्ला यावरून भांडणं व्हायची, म्हणून प्रत्येक मिस्त्रीने आपापल्या डब्यावर खूण करायची. कोणी ग्रीसचा अंगठा उमटवायचा, कोणी रंगाचं बोट ओढायचा. कोहमाऱ्याचा एक मिस्त्री होता, तो डब्याच्या झाकणाच्या आतल्या पट्टीवर करवतीच्या पात्याने दोन खाचा पाडायचा. शेजारी शेजारी, अगदी एकसारख्या. त्याचं सगळंच काम तसं नेटकं होतं. दोन खाचा दिसल्या की हा डबा त्याच्या हातून रिकामा झालेला आहे, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं.

डब्यांचं पुढे काय होतं, हे त्या मिस्त्री लोकांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. सगळे एकाच माळेचे मणी होते. फक्त माळ माझ्या हातात होती.

तर अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर असलीचा नाद लागला.

फुलचूरच्या बाजूला एक बंद पडलेली राइस मिल आहे. तिथली जुनी पुली विकायची आहे असं कळलं म्हणून गेलो होतो. मागच्या गोदामात धानाच्या भुशाचा ढीग होता आणि त्यातून एक चाक बाहेर आलं होतं. सायकलच्या चाकासारखं, तारांचं. मी ते पाहिलं आणि तिथेच उकिडवा बसलो. त्या मिलच्या शेठची विलायती गाडी होती ती. दोन माणसांची, उघड्या टपाची, बाटलीसारखी हिरवी, आणि इतकी ठेंगणी की बसलं की ढुंगण रस्त्याला घासेल असं वाटायचं. मी सात-आठ वर्षांचा असताना शेठ ती बालाघाटच्या रस्त्याने उडवत न्यायचा. एकदा पावसाळ्यात वडील आणि मी सायकलवर होतो. शेठने डबक्यातून गाडी घातली, वडिलांच्या पांढऱ्या धोतरावर चिखल उडाला, आणि शेठ मागे वळून हसला. वडीलही हसले. शेठ गिऱ्हाईक होता. मला वडिलांच्या हसण्याचा जितका राग आला तितका शेठचाही आला नव्हता. आणि तरीही गाडी मला हवीच होती.

शेठ जाऊन जमाना झाला होता. मिलच्या घरात त्याची सून एकटी राहायची, म्हातारी, पांढऱ्या साडीतली. मी गाडीचं विचारलं तर म्हणाली, "ले जाओ भैया. चूहे ही तो पल रहे हैं उसमें."

गाडी घरी आणून धुतली तेव्हा कळलं की तिचं अर्धं अंग गायब आहे. भुशाने पत्रा वाचवला होता, पण पत्र्याला लागलेलं जे जे सुटण्यासारखं होतं ते लोकांनी इतक्या वर्षांत काढून नेलं होतं. आता मी काही साधा माणूस नाही, स्पेअर पार्टचा व्यापारी आहे. मी ठरवलं, एकही नवा तुकडा लावायचा नाही. गाडी ज्या काळातली, माल त्याच काळातला. लोक म्हणत, अहो, तसाच दिसणारा आजचा मिळतो. मी म्हणायचो, तसाच दिसणारा काय असतो ते मला नका शिकवू.

शोधत गेलो तसा गाडीचा एकेक अवयव जिल्हाभर सापडत गेला. डाव्या बाजूचा आरसा सडक अर्जुनीच्या एका न्हाव्याकडे होता. दाढी-कटिंग झाली की तो त्याच आरशात गिऱ्हाइकाला त्याची मान दाखवायचा. मी त्याच्यापुढे तीन नवे आरसे ठेवले. तो नाही म्हणाला, याच्यात मान बरोबर दिसते म्हणाला. मग मी त्याच्या दुकानाच्या मालकाशी बोललो, आणि पुढच्या आठवड्यात न्हाव्याने स्वतःच आरसा पिशवीत घालून आणून दिला. माझ्याकडे न बघता निघून गेला. पेट्रोलच्या काट्यासाठी वर्ष गेलं. तो रायपूरच्या भंगारबाजारात एका माणसाने भिंतीवरच्या घड्याळात बसवलेला निघाला.

गिअरच्या दांड्यावरची लाकडी मूठ मिलच्या जुन्या चौकीदाराकडे होती. त्याने ती आपल्या काठीला बसवली होती. शेठने स्वतःच्या हाताने दिली म्हणायचा, आणि ऐंशीचा म्हातारा ती काठी झोपतानाही सोडायचा नाही. मी दर महिन्याला त्याची तब्येत विचारायला जाऊ लागलो. फळं न्यायचो. घरच्यांना वाटलं, हा दुकानवाला सेठ किती मनाचा मोठा. म्हातारा चिवट होता, त्याने मला पावणेदोन वर्षं फळं आणायला लावली. दहाव्याच्या दिवशी मी मुलाकडे काठी मागितली. मुलगा क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, मग आत जाऊन काठी घेऊन आला. मूठ आज गाडीत आहे. हाताला गुळगुळीत लागते.

शेवटी एकच वस्तू उरली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर. पाय दाबला की ज्याच्यातून तेल चारही चाकांकडे जातं तो. मी विलायतेत आज बनणारा मागवून बसवला होता, गाडी थांबायला पाहिजे म्हणून. नागपूरला जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक घोळका आहे, दर हिवाळ्यात ते मैदानात गाड्या मांडतात. त्यांच्यातले एक डॉक्टर गाडी पाहायला आले. तासभर वाकून वाकून पाहिलं. मग बॉनेट उघडलं आणि त्या सिलिंडरवर बोट ठेवून म्हणाले, "हा आजचा आहे. तेव्हा लोखंडाचा ओतीव असायचा, बाजूला कारखान्याची खूण असायची. बाकी गाडी अप्रतिम. तुम्हाला दुसऱ्या रांगेत उभं करू."

पहिली रांग अस्सल गाड्यांची. दुसरी रांग दुरुस्त केलेल्यांची. मी त्यांना हसून चहा पाजला आणि ते गेल्यावर कप भिंतीवर फेकून मारला. वडिलांच्या धोतरावरचा चिखल मला त्या पहिल्या रांगेत उभा राहून पुसायचा होता. हसू नका, माणसाला अशाच गोष्टी हव्या असतात.

जुना, न वापरलेला सिलिंडर कुठेच मिळेना. विलायतेहूनही उत्तर आलं, नाही. शेवटी आशा सोडून शेठच्या सुनेला फोन केला. ती म्हणाली, "एक नया आया था ना, जहाज से. लगने के पहले ही बाबूजी चले गए. वो तो मिस्त्री ने माँग लिया था, निशानी करके. कोहमारा वाला. लड़का था तब यहीं गाड़ी पोंछता था."

मी आभार न मानताच फोन ठेवला. कारण कोहमाऱ्याचा मिस्त्री म्हणजे तोच, दोन खाचांचा.

त्याचं आणि माझं काय होतं ते आता सांगायलाच हवं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो दुकानात आला. त्याच्या धाकट्या भावाची जीप होती, कोहमारा ते देवरी सवाऱ्या मारायचा. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा किट हवा होता. किट म्हणजे आतल्या रबरी वाट्या, बाकी काही नाही. एरवी मिस्त्री कधी असली-नकली विचारत नसे, त्यालाही गिऱ्हाइकाकडून दोन पैसे सुटायचे. त्या दिवशी मात्र त्याने काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, "सेठ, भावाची गाडी हाय. असली द्या."

असली किट त्या दिवशी संपला होता. मी तसं सांगू शकलो असतो. उद्या ये म्हणू शकलो असतो. त्यात माझं काहीही बिघडणार नव्हतं. पण आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला नाही म्हणायची रीत नव्हती. हात आपोआप मागच्या फळीकडे गेला, भरलेला डबा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. "डब्यावर बघ," मी म्हणालो. त्याने नाव वाचलं, डबा खिशात घातला आणि चहाही न पिता गेला.

नकली रबर ब्रेकच्या तेलात फुगतं. पंधरा दिवस पायडल अगदी घट्ट लागतं, मग एके दिवशी खाली जातं ते वर येत नाही. भावाची जीप देवरीच्या बाजूच्या उतारावर पुलाच्या कठड्याला लागली. सवाऱ्या वाचल्या. भाऊ गेला. त्याच्या बायकोला सातवा महिना होता.

मी तेराव्याला गेलो होतो. न जाणं बरं दिसलं नसतं. मिस्त्री मला काही बोलला नाही, पाणी विचारलं. पण गावात बोलणं सुरू झालं होतं की सख्ख्या भावाचे ब्रेक ज्याला बांधता आले नाहीत त्याच्याकडे गाडी कोण नेणार. महामार्गावर त्याचं गॅरेज चालेनासं झालं. तो माझ्या दुकानात पुन्हा आला नाही. मी समजलो, त्याला काही कळलेलं नाही. आणि कळलं नाही तर माझ्यापुरतं घडलंही नाही, अशी मी मनाची सोय लावून घेतली. या सगळ्या वर्षांत मला त्या उताराची स्वप्नं वगैरे पडली नाहीत. मी छान झोपलो.

कोहमाऱ्याला गेलो तेव्हा तो एका ढाब्याच्या मागे टिनाच्या शेडमध्ये पाण्याचा पंप खोलून बसला होता. वाळून काटकी झाला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता.

"मिस्त्री, कसे आहात?"

त्याने मान वर केली. "सेठ, अहो-जाहो करून राहिले तुमी. म्हंजे काम मोठं दिसते."

मी त्याला आयुष्यभर अरे-तुरे केलं होतं, आणि तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा होता. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी गाडीचं सांगितलं, सिलिंडरचं सांगितलं. शेठच्या गाडीचं नाव काढताच त्याचा चेहरा उजळला. चाकाच्या तारा पुसताना बोटं कापायची म्हणाला. मूठ मिळाली का, काटा मिळाला का, सगळं बारीक विचारलं.

"हाय माह्याकडं," तो म्हणाला. "डब्ब्यासकट हाय."

"मिस्त्री, तुम्ही म्हणाल ते देतो."

"पैशाचं नका बोलू. एक गोस्ट इचारतो. ते सांगा अन् घेऊन जा."

"विचारा."

त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले. "त्या दिवशी भावासाठी किट नेला म्या. तुमाले म्हनलं होतं, असली द्या. त्या डब्ब्यात काय होतं, सेठ?"

महामार्गावरून ट्रक जात होते, शेडचा टिन थरथरत होता. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? इतक्या वर्षांनी कोण पोलिसात जातो? म्हातारा माणूस, फार तर रडला असता, शिवी दिली असती. मला हे सगळं तेव्हाही दिसत होतं. पण माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. खरं ऐकून याने सिलिंडर दिला नाही तर?

"असलीच होता," मी म्हणालो. "डबा पाहिला नव्हता का तुम्ही? डब्यावर लिहिलं होतं."

त्याचं खर्रा चावणं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. "हो," तो म्हणाला. "लिहून तं होतं."

मग उठला, आतून एक पत्र्याची पेटी ओढली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक डबा काढून माझ्या हातात ठेवला. जाड पुठ्ठ्याचा, पिवळा पडलेला, वर इंग्रजीत कारखान्याचं नाव. आत तेलकट कागदात सिलिंडर. ओतीव लोखंडाचा. बाजूला खूण.

"घ्या. हाबी असलीच हाय," मिस्त्री म्हणाला.

लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. मला लाज वाटली नाही. गोंदियापर्यंत मी गाडीत गात आलो.

आतली रबरं तेवढी नवी घालावी लागली, पन्नास वर्षं रबर टिकत नाही. डॉक्टरांना तेवढं चालतं. ते पुन्हा आले, भिंगातून खूण पाहिली आणि म्हणाले, "पहिली रांग." मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

नागपूरला मैदानात गाडीच्या सीटवर तो जुना डबाही मांडावा, लोकांना दाखवायला, असं मनात आलं. म्हणून एका रविवारी सकाळी अंगणात बसून मऊ कपड्याने डबा पुसत होतो. झाकण पूर्ण मागे उलटं केलं. आतल्या पट्टीवर करवतीच्या पात्याच्या दोन खाचा होत्या. शेजारी शेजारी, अगदी एकसारख्या.

कपडा खाली ठेवून मी त्यांच्यावरून नख फिरवून पाहिलं.

दोन खाचा म्हणजे डबा रिकामा झाला. आतला असली माल निघून गेला, आता यात काहीही भरा. त्या खुणेला आमच्यात दुसरा अर्थच नव्हता. आणि हा माणूस लेथवर बसला की काय करू शकतो हे मला ठाऊक होतं. मिलच्या पुल्या तो साच्यात ओतून घ्यायचा आणि अशा घासायचा की कारखान्याची कोणती आणि त्याची कोणती, हे मलाही ओळखता येत नसे. खूण उठवणं त्याच्यासाठी काय अवघड? खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. मी सिलिंडर काढून दुसऱ्या लेथवाल्याकडे नेला. त्याने फिरवून फिरवून पाहिला, तेल भरून दाब दिला. "बरोबर तं दिसते," म्हणाला. परत बसवला. पायडल दगडासारखं घट्ट लागत होतं. पण त्या भावाच्या पायालाही पंधरा दिवस तसंच लागलं असणार.

तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी कोहमाऱ्याला गेलो. मिस्त्री तिथेच बसला होता, दुसरा पंप घेऊन.

"मिस्त्री, डब्याला खाचा आहेत."

"असतीन."

"काऊन?" मी त्याच्याच बोलीवर आलो होतो. आवाज चढला होता. "निशानी म्हणून ठेवलेल्या डब्याला खाचा कशाला पाडल्या?"

तो उठला. त्याच पेटीतून आणखी एक डबा काढून त्याने बाकड्यावर ठेवला. छोटा, जीपच्या ब्रेक किटचा, रंग उडालेला. झाकण बोटाने उलटवलं. तिथेही दोन खाचा होत्या.

"हा त्या दिवसचा," तो म्हणाला. "तुमी देल्लेला. किट बसवताना घाईत दिसलं नाई. भाऊ जाऊन तीन दिवस झाले होते, तवा झाकन उलटून पाह्यलं. माह्याच डब्बा, सेठ. एका बोंड्यासाठी मीच तुमाले आनून देल्ला होता."

म्हणजे तेराव्याला पाणी विचारलं तेव्हा त्याला माहीत होतं. सगळं गाव त्याच्या हाताला नावं ठेवत होतं, तेव्हाही माहीत होतं. सांगायचं तर आपणच नेऊन दिलेल्या डब्यापासून सांगावं लागणार, म्हणून तो गप्प राहिला होता. आणि वीस वर्षांनी मी समोर येऊन बसलो, तेव्हा त्याने मला फक्त एकदा खरं बोलायची संधी दिली होती.

"नकली होता," मी म्हणालो. "असली संपला होता त्या दिवशी. मिस्त्री, माझं चुकलं. मी हात जोडतो."

मी खरोखर हात जोडले. त्याने ते पाहिले आणि पाना उचलून पुन्हा पंपाला लागला.

"आता तरी सांगा," मी म्हणालो. "माझ्या डब्यात काय आहे?"

त्याने नट सैल केला, काढला, वाटीत टाकला. दुसरा सैल केला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "डब्बा पाह्यला नाई का तुमी? डब्ब्यावर लिहून हाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी दुकानात बोलायचो अगदी त्याच आवाजात तो बोलला. मी अर्धा तास तिथे उभा होतो, त्याने दुसरा शब्द काढला नाही.

हिवाळ्यात गाडी नागपूरला ट्रकवर चढवून नेली. सगळ्यांना सांगितलं, रस्त्याची धूळ नको. पहिल्या रांगेत ती दोन दिवस उभी होती. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, लोकांनी मुठीवरून हात फिरवले. ढाल मिळाली, ती दुकानात गल्ल्याच्या वर लावली आहे. पावसाळ्याआधी मिस्त्री गेला, असं ट्रकवाल्यांकडून कळलं. आता विचारायलाही कोणी नाही.

सोपा उपाय आहे, ठाऊक आहे मला. विलायतेहून आणलेला नवा सिलिंडर कपाटात तसाच पडून आहे. दोन तासांचं काम. पण मग दुसरी रांग. रोज सकाळी मी कपाट उघडतो आणि बंद करतो. हात दाखवून अवलक्षण केलं, आता हात झाकता येत नाही.

गाडी मी फाटकाच्या आतच फिरवतो. पहिल्या गिअरमध्ये, डावा हात हँडब्रेकवर ठेवून.

गेल्या महिन्यात एका सकाळी बायको नवी साडी नेसून, डब्यात पुऱ्या भरून अंगणात आली आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. गाडी झाली की तुला नवेगावच्या तलावावर नेईन, असं मी सहा वर्षं म्हणत होतो. नवेगावचा रस्ता कोहमाऱ्यावरूनच जातो. बारा वर्षं ती आमच्या गल्ल्यावर बसली आहे, तिच्यापासून दुकानातलं काही लपलेलं नाही. पण कोहमाऱ्याचं मी तिला सांगितलेलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "आता तर सगळं असली आहे ना?"

मी गाडी सुरू केली. फाटक उघडं होतं, पुढे सरळ रस्ता होता. ब्रेकवर पाय ठेवला. घट्ट लागला. पुन्हा ठेवला. घट्ट लागला. मग मी चावी फिरवून गाडी बंद केली.

"पेट्रोल नाही," मी म्हणालो.

तिने पुढे वाकून पाहिलं. "काटा तर भरलेला दाखवतोय."

"तो काटा नकली आहे," मी म्हणालो.

रायपूरहून वर्षभर शोधून आणलेला, अगदी त्या काळचा काटा होता तो. ती मग पुऱ्यांचा डबा घेऊन उतरली आणि घरात गेली.